दोन दिवे, एक तार



व्याख्यानमालेच्या मंडपात संतांवर, नाटकांवर, इतिहासावर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही आज मोटारगाडीच्या मागच्या दिव्यांवर बोलणार आहोत. पत्रिकेत आमचा विषय वाचून एका स्नेह्यांनी वाटेतच विचारले, ‘काय हो, संघटना सोडून गॅरेज काढले की काय?’ गॅरेज काढलेले नाही. पण ड्रायव्हर-क्लीनर मंडळींची संघटना चालवताना असा एक प्रसंग आला, की ब्रेकचा दिवा आणि धोक्याचे चार दिवे यांच्या तारा कोठून निघतात आणि कोठे मिळतात, हे शिकल्यावाचून आम्हांस गत्यंतर उरले नाही. शाळा आमची लवकर सुटली. त्यामुळे जे काही शिकलो ते गरज पडली तेव्हा, आणि ज्याला येत होते त्याच्यापाशी बसून. ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रसंग आधी सांगतो, म्हणजे तारांचे बोलणे कोरडे वाटणार नाही.

लातूरहून नांदेडला जाणारा रस्ता आपणां सर्वांच्या पायाखालचा आहे. चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळेगाव, लोहा. आता तो ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. काही वर्षांपूर्वी या रस्त्यावर दिवेलागणीच्या वेळी आमचा एक सभासद मालाचा टेम्पो घेऊन चालला होता. उजव्या हाताला शेतातल्या गोदामाकडे वळायचे होते. त्याने गाडी हळू केली, उजवा इंडिकेटर दिला, आणि वळला. मागून येणारा एक तरुण मोटारसायकलवर होता. तो त्याच वेळी उजवीकडून पुढे निघाला. तरुणाचा जीव वाचला, पाय वाचला नाही.

ड्रायव्हर म्हणाला, ‘मी साइड दिली होती.’ तरुण दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर म्हणाला, ‘त्याने साइड दिली नव्हती. पार्किंग लाइट लावून हळू चालला होता. मला वाटले गाडी बिघडली आहे, म्हणून मी पुढे काढली.’ दोघांचे जबाब एकमेकांच्या विरुद्ध. अशा वेळी लोक समजतात की दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे, आणि बहुधा ड्रायव्हरच खोटे बोलत असणार. आम्हीदेखील मनातून तसेच धरून चाललो होतो, हे कबूल करतो. गाडीची तपासणी झाली, तेव्हा मागचे पुढचे सगळे दिवे लागत होते. दिवे चालू आहेत, एवढेच कागदावर आले.

ती गाडी आम्ही एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनाला दाखवली. त्याने आम्हांला मागे उभे केले, स्वतः आत बसला आणि उजवा इंडिकेटर दिला. मागे डावा आणि उजवा दोन्ही दिवे उघडमीट करू लागले. पुढे जाऊन पाहिले तर पुढचेही दोन्ही! ड्रायव्हरने खरोखर उजवी साइड दिली होती, आणि मागच्या तरुणाला खरोखर चारही दिवे दिसले होते. दोघांचेही बोलणे खरे होते. दोष होता मागच्या हौद्याखालच्या एका जोडात. तीन तारा एकत्र पिळून त्यावर काळी टेप गुंडाळलेली होती.

ही टेबलावरची फळी त्याच म्हाताऱ्या कारागिराने आम्हांला करून दिली आहे. बारा व्होल्टची बॅटरी, सहा बल्ब आणि चार बटणे. हिच्यावर आम्ही शिकलो. आता आपणही पाहा.

प्रथम ब्रेकचा दिवा घेऊ. बॅटरीच्या धन टोकापासून एक तार निघते. ती फ्यूजमधून जाते आणि ब्रेकच्या पेडलजवळच्या एका लहान स्विचपाशी येते. पेडल वर असते तेव्हा स्विचची दांडी दाबलेली राहते आणि वाट तुटलेली असते. पाय पडला, पेडल खाली गेले, की दांडी मोकळी होते आणि वाट जुळते. हवेच्या ब्रेकच्या मोठ्या गाड्यांत हेच काम हवेचा दाब करतो. तेथून तार मागे जाते, दोन लाल दिव्यांत शिरते, आणि दिव्यातून बाहेर पडलेला प्रवाह गाडीच्या लोखंडी सांगाड्यावाटे बॅटरीच्या ऋण टोकाला परत येतो. सांगाड्यावाटे परतण्याच्या या वाटेलाच कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. ब्रेकच्या दिव्याचा मालक ड्रायव्हरचा पाय आहे. हा दिवा लावू का, असे तो कोणाला विचारत नाही. पाय दाबला की तो लागतो.

आता इंडिकेटर. याची तार किल्लीच्या स्विचमधून येते, म्हणून किल्ली फिरवल्याशिवाय तो चालत नाही. वाटेत फ्लॅशर नावाची डबी असते. जुन्या डबीत दोन धातूंची एक पट्टी असे. प्रवाहाने ती तापून वाकते, वाट तुटते. थंड होऊन सरळ होते, वाट जुळते. टक-टक आवाज येतो तो त्याचाच. आता हे काम बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक डबी करते, आणि तो आवाज ड्रायव्हरला कळावे म्हणून मुद्दाम ठेवतात. फ्लॅशरपासून तार स्टिअरिंगजवळच्या दांडीकडे येते. दांडी डावीकडे ढकलली तर डाव्या अंगाचे पुढचे-मागचे दिवे, उजवीकडे ढकलली तर उजव्या अंगाचे. डावे आणि उजवे यांची वाट एरवी एकमेकीला कोठेही मिळत नाही, हे ध्यानात ठेवा.

तिसरे धोक्याचे दिवे, म्हणजे हजार्ड. त्यांचे वेगळे बल्ब नसतात. इंडिकेटरचेच चार बल्ब ते वापरतात. फक्त त्रिकोणाची खूण असलेले बटण दाबले की दोन गोष्टी घडतात. एक, फ्लॅशरला किल्लीऐवजी थेट बॅटरीकडून प्रवाह मिळतो. कारण बंद पडलेल्या गाडीची किल्ली काढून ड्रायव्हर खाली उतरला तरी दिवे चालले पाहिजेत. दुसरे, डावी आणि उजवी वाट त्या बटणात एकमेकीला जोडली जाते, म्हणून चारही एकदम उघडमीट करतात. बटण सोडले की त्या पुन्हा वेगळ्या होतात. या दिव्यांचा मालक ड्रायव्हरचा हात आहे. विचार करून, ठरवून तो ते लावतो.

तेव्हा पायाचा दिवा सांगतो, ‘मी थांबतो आहे.’ हाताचा दिवा एका बाजूला लागला तर सांगतो, ‘मी इकडे वळतो आहे’, आणि चारही बाजूंना लागला तर सांगतो, ‘मी अडचणीत आहे, माझा भरवसा धरू नका.’ या तिन्ही बोलण्यांची माहेरे आणि सासरे एकच: बॅटरीपासून निघायचे आणि सांगाड्यावाटे बॅटरीतच परतायचे. मधल्या वाटेत मात्र त्यांनी एकमेकींस भेटता कामा नये. पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि हजार्ड यांचा फ्यूजही एकच असतो, कारण दोघांनाही थेट बॅटरीचा प्रवाह लागतो. त्याने बोलण्यात गोंधळ होत नाही. पण तो फ्यूज उडाला तर दोन्ही दिवे एकदम मुके होतात. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद बसवून गाडी हाकणारे आम्ही पाहिले आहेत. तो कागद तुटत नाही, मग जळते ती तार.

आता त्या टेम्पोत काय झाले होते ते पाहू. मालकाने नवा हौदा बांधून घेतला. कारखान्यातून आलेल्या मागच्या दिव्याला लाल आणि पिवळे असे वेगळे खण होते. हौदा बांधणाऱ्याकडे तसे दिवे नव्हते. त्याने दोन्ही अंगांना एकेका बल्बचे लाल दिवे लावले आणि त्याच बल्बाने ब्रेकचेही काम करावे, इंडिकेटरचेही करावे, अशी सोय केली. त्यासाठी मागे येणारी ब्रेकची एक तार त्याने डाव्या आणि उजव्या इंडिकेटरच्या तारांना एकत्र पिळली. काम झाले. ब्रेक दाबला तर दिवे लागत, इंडिकेटर दिला तर दिवे लागत.

(येथे वक्त्यांनी फळीवरील तीन तारा एकत्र जोडून दाखवल्या.)

पाहा, आम्ही उजवा इंडिकेटर देतो. प्रवाह उजव्या दिव्याकडे जातो. पण पिळलेल्या जोडातून तो डाव्या तारेतही शिरतो आणि मागचा पुढचा डावा दिवाही लावतो. शेतकरी मंडळींना हे सांगायला नको. दोन पाटांमधला बांध फोडला, तर तुम्ही दारे कोणत्याही वाफ्याला धरा, पाणी दोन्हीकडे जाणार. आता ब्रेक दाबतो. पाहा, उघडमीट बंद पडली, चारही दिवे स्थिर लागले, आणि पुढचे इंडिकेटरही लागले. आता हजार्ड लावून ब्रेक दाबतो. धोक्याची सूचना नाहीशी! म्हणजे एका जोडाने तीनही बोलणी बिघडवली. डावे-उजवे गेले, धोका आणि वळण यांतला फरक गेला, आणि ब्रेक लागला की बाकीचे सारे पुसले गेले.

यावर कोणी जाणता म्हणेल की मध्ये डायोड घाला. डायोड म्हणजे प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. विहिरीतल्या मोटारीच्या पाइपाला खाली फूट व्हॉल्व्ह असतो, तो पाणी वर जाऊ देतो आणि खाली येऊ देत नाही, तसेच. ब्रेकच्या तारेतून दोन्ही अंगांना जाणाऱ्या दोन फाट्यांवर एकेक डायोड घातला, तर उजवा इंडिकेटर डावीकडे शिरणार नाही, हे खरे. त्या टेम्पोत एवढे असते तरी तो अपघात टळता. पण एकाच बल्बाला ब्रेकचा स्थिर प्रवाह आणि इंडिकेटरचा तुटक प्रवाह एकदम मिळाला, तर स्थिर प्रवाहच जिंकणार. वळताना ब्रेक दाबावाच लागतो. म्हणजे नेमक्या वळणाच्या वेळी इंडिकेटर बुजणार. डायोडने अर्धे दुखणे बरे होते, अर्धे राहते.

एकाच लाल बल्बाने दोन्ही कामे करण्याची रीत अमेरिकेत मात्र चांगली रुळलेली आहे. तिकडे १९३९ सालच्या ब्यूक मोटारीला मागे उघडमीट करणारे इंडिकेटर आले. मागचा इंडिकेटर लालही चालतो, असे त्यांच्याकडचे नियम आजही म्हणतात. पण त्यांनी तारा पिळल्या नाहीत. ब्रेकची तार त्यांनी इंडिकेटरच्या दांडीतल्या स्विचमधून नेली. डावीकडे वळायचे तर तो स्विच डाव्या दिव्याची ब्रेकशी असलेली जोड तोडतो आणि फ्लॅशरशी जोडतो. उजवा दिवा ब्रेककडेच राहतो. तरीही हजार्ड लावल्यावर ब्रेक कसा दाखवायचा, हा प्रश्न त्यांना पुरता सुटला नाही. त्यांच्या काही गाड्यांत ब्रेक दाबताच उघडमीट थांबते, काहींत उघडमीट चालू राहून ब्रेक दिसतच नाही. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांनी, म्हणजे १९८९ च्या नियमांनी, ही अडचण मुळातच काढून टाकली. ब्रेकचा दिवा लाल आणि मागे दोन्ही अंगांना. इंडिकेटर पिवळसर नारिंगी, मिनिटाला ६० पेक्षा कमी नाही आणि १२० पेक्षा जास्त नाही इतक्या वेळा उघडमीट करणारा. आणि गाडी हलू शकत नसेल तेव्हा सर्व इंडिकेटर एकदम चालावेत अशी सोय. रंग वेगळा, बल्ब वेगळा, तार वेगळी. मागच्या माणसाला अक्षर न वाचता कळावे, यासाठी हे केले आहे.

आता नव्या मोटारींत कारखान्यातूनच या दोन दिव्यांची एक गाठ घातलेली सापडते. ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगात असताना ड्रायव्हरने ब्रेक अतिशय जोराने मारला, तर काही गाड्यांचे ब्रेकचे दिवे किंवा चारही इंडिकेटर सेकंदाला सुमारे चार वेळा, म्हणजे नेहमीच्या दुपटीहून अधिक वेगाने, उघडमीट करतात. युरोपच्या नियमांत याला जागा आहे. पण तेथे तारा पिळलेल्या नसतात. वेग किती, ब्रेक किती जोराचा, हे मोजून एक लहानसा संगणक ते ठरवतो. त्याची नक्कल म्हणून बाजारात स्वस्त डब्या मिळतात, ब्रेकला पाय लागला की दिवा नाचवतात. त्या घेऊ नयेत. गर्दीत प्रत्येक ब्रेकला नाचणारा दिवा मागच्याला आणीबाणी सांगत नाही, नुसता त्रास देतो.

जास्त दिवे म्हणजे जास्त सुरक्षितता, असे आपणांस वाटते. याविषयीचा एक प्रयोग आमच्या धंद्यातल्याच माणसांवर झालेला आहे, म्हणून सांगतो. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात जॉन व्होयव्होडस्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ३४३ टॅक्सींना मागच्या काचेजवळ तिसरा ब्रेकचा दिवा बसवला. बाकीच्या टॅक्सी तशाच ठेवल्या. दिवा बसवलेल्या टॅक्सींना मागून धडक बसण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. पुढे १९८६ सालच्या मोटारींपासून तिकडे हा दिवा सक्तीचा झाला. सगळ्यांच्या गाड्यांना तो आला, डोळ्यांना त्याची सवय झाली, आणि फायदा चार टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिरावला. चार टक्के म्हणजेही पुष्कळ माणसे वाचली. पण जी खूण सदासर्वदा दिसते तिच्याकडे डोळा लक्ष देईनासा होतो, हेही त्यातून दिसले.

आपल्याकडे धोक्याच्या दिव्यांचे हेच झाले आहे. पाऊस आला, लाव पार्किंग लाइट. धुके पडले, लाव. वरात निघाली, लाव. चौकात सरळ जायचे आहे, तरी चारही लाव! ट्रकवाल्यांत कोणी पुढे जा म्हणण्यासाठी एका बाजूचा इंडिकेटर देतो, कोणी त्याच बाजूला स्वतः वळण्यासाठी देतो. त्या तरुणाने चार दिवे पाहून पुढे जाण्याचे ठरवले, तेव्हा तो रस्त्याने त्याला जे शिकवले होते तेच करत होता. तार एका कारागिराने पिळली, पण त्या दिव्याचा अर्थ आपण सगळ्यांनी मिळून पिळून ठेवला होता. चालत्या गाडीत धोक्याचे दिवे लावले की डावे-उजवे सांगण्याचे साधन आपण स्वतःच बंद करतो. त्यासाठी तार पिळण्याचीही गरज उरत नाही.

दुसरा एक दोष याहून अधिक घरोघरी आहे, तो अर्थचा. दिव्याचा प्रवाह सांगाड्यावाटे परततो, हे आम्ही सांगितले. होल्डर जेथे पत्र्याला टेकतो तेथे गंज चढला, चिखल बसला, की ती परतीची वाट बंद होते. प्रवाह मग दुसरी वाट शोधतो. ब्रेकच्या बल्बातून निघून तो शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बातून किंवा रात्रीच्या लहान दिव्यातून उलटा जाऊन सांगाड्याला मिळतो. परिणाम असा होतो की ब्रेक दाबला तर लाल दिवा मंद लागतो आणि पिवळाही मिणमिणतो. पुढच्या गाडीचा इंडिकेटर ब्रेकबरोबर मिणमिणताना दिसला, तर त्या ड्रायव्हरला थांबवून सांगा. नवी तार लागत नाही, पॉलिशपेपरने होल्डर घासला आणि स्क्रू आवळला की बहुधा काम होते.

ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांत हा दोष फार. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये सात पिनांचा प्लग असावा लागतो. डावा, उजवा, ब्रेक, रात्रीचे दिवे आणि अर्थ, यांची प्रत्येकाची पिन त्यात वेगळी असते. हंगामात तो प्लग एकदा निघाला की निघाला. मग दोन तारा उघड्याच गुंडाळतात, आणि अर्थचे काम हुकाच्या खिळीवर सोडतात. ग्रीस आणि गंज यांच्या मधून प्रवाह खड्ड्यागणिक येतो-जातो, आणि दिवा स्वतःच्या मर्जीने उघडमीट करतो. मागच्याने त्यातून काय समजायचे?

आमच्या लहानपणी बैलगाडीच्या आसाला कंदील टांगलेला असे. माळेगावच्या यात्रेला रात्री निघालेल्या गाड्यांची रांगच्या रांग त्या कंदिलांनी लांबून ओळखू येई. कंदील एवढेच सांगे की येथे गाडी आहे. बैलाच्या चालीला तेवढे पुरेसे होते. आता ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. साधा तारेचा बल्ब पुरता उजळायला सेकंदाचा पाचवा हिस्सा घेतो. तेवढ्यात ती तीन मीटरहून अधिक पुढे आलेली असते. या वेगात मागच्या माणसाला अर्थ लावत बसायला वेळ नाही. म्हणून खूण एकच आणि स्वच्छ हवी.

आता जबाबदारीचे बोलू, कारण संघटनेचा माणूस म्हणून आमचा खरा प्रश्न तो आहे. अपघात झाला की कागदावर पहिले नाव ड्रायव्हरचे येते. हौदा बांधणाऱ्याचे येत नाही. तार पिळणाऱ्याचे येत नाही. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १९० वे कलम काय म्हणते ते पाहा. ज्या दोषाने रस्त्यावरच्या लोकांना धोका होईल असा दोष असलेली गाडी जो चालवतो तो, आणि जो ती चालवायला लावतो किंवा चालवू देतो तोही, शिक्षेस पात्र आहे. मात्र तो दोष त्याला माहीत असला पाहिजे, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळण्यासारखा असला पाहिजे. म्हणजे कायद्याने मालकाला सोडलेले नाही, आणि ड्रायव्हरलाही सोडलेले नाही.

आमच्या त्या सभासदाला दोष ठाऊक होता. इंडिकेटर दिला की समोरच्या पट्टीवर डावा-उजवा दोन्ही बाण चमकतात, हे त्याने पाहिले होते आणि मालकाला तोंडी सांगितलेही होते. मालक म्हणाला, ‘पुढच्या खेपेला बघू.’ तोंडी बोललेल्याचा पुरावा राहत नाही. तेव्हापासून आमच्या संघटनेने एक रीत पाडली आहे. प्रत्येक गाडीत दहा-वीस रुपयांची एक वही असते. दोष दिसला की तारीख घालून लिहायचा, मालकाची सही घ्यायची, आणि मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवायचा. सुरुवातीला मालक मंडळी चिडली. हा संपाचा नवा प्रकार आहे, असेही म्हणाली. आता त्यांतलेच काही स्वतः वही आणून देतात, कारण सही करण्यापेक्षा दिवा दुरुस्त करणे स्वस्त पडते.

त्या तरुणाचे वडील पुढे एकदा आमच्या कचेरीत आले. भांडायला आले असतील असे आम्हांला वाटले. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘मला एवढेच सांगा, तुमच्या माणसाने खरेच साइड दिली होती का?’ आम्ही ही फळी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी स्वतः बटण दाबले. चारही दिवे लागले. पुन्हा दाबले. पाच-सहा वेळा दाबले. मग विचारले, ‘वेगळी तार टाकायला किती खर्च आला असता?’ आम्ही सांगितले, दोन होल्डर, दोन बल्ब आणि थोडी तार. एका माणसाच्या जेवणाच्या थाळीइतके. ते काही बोलले नाहीत. जाताना दारात थांबून म्हणाले, ‘पोरगा म्हणत होता ते खरे होते तर. आणि तुमचा माणूसही.’ खटला आपल्या वाटेने चालेल, त्यावर आम्ही येथे काही बोलणार नाही. पण त्या दिवसापासून आम्ही ही फळी गावोगाव घेऊन हिंडतो.

शेवटी आपणांकडे एक मागणे आहे. आपल्या घरी मोटार, जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, जे काही असेल, ते आज रात्री पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून उभे करा. एकटा माणूसही आत बसून भिंतीवरचा उजेड आरशात पाहू शकतो. किल्ली फिरवा. पहिल्याने ब्रेक दाबा: दोन्ही अंगांना लाल उजेड पडला पाहिजे, पिवळा मुळीच नाही. दुसऱ्याने रात्रीचे दिवे लावून ब्रेक दाबा: लाल उजेड ठळकपणे वाढला पाहिजे. तिसऱ्याने ब्रेक दाबलेला ठेवून डावा, मग उजवा इंडिकेटर द्या: लाल स्थिर राहून एकाच अंगाचा पिवळा चालला पाहिजे. चौथ्याने किल्ली काढून हजार्ड लावा: चारही चालले पाहिजेत. पाचव्याने ते चालू असतानाच किल्ली लावून ब्रेक दाबा: पिवळे चालत राहावेत आणि लाल स्थिर लागावेत. इंडिकेटर एरवीपेक्षा भरभर चालू लागला, तर त्या अंगाचा एखादा बल्ब गेला आहे असे समजा. किंवा जुन्या बल्बाच्या जागी एलईडी घातला असेल आणि जुन्या फ्लॅशरला त्याचा कमी भार ओळखता येत नसेल. या सगळ्याला पाच मिनिटे लागतात.

यांत कोठे चूक आढळली तर ती लिहा, आणि दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढण्यापूर्वी दुरुस्त करून घ्या. कारागिराला एवढेच सांगा: ब्रेकची तार इंडिकेटरच्या तारेला जोडू नकोस. तो म्हणेल की दिवे लागतात ना! त्याला म्हणावे, दिवे लागतात हे आम्हांला पुरत नाही. मागच्याला काय दिसते, ते तू मागे उभा राहून पाहा.

 फळी येथेच टेबलावर आहे. सभा संपल्यावर ज्यांना बटणे दाबून पाहायची असतील, त्यांनी जरूर यावे.